आधी बाईचं घड्याळ बघा, मग बजेट: आपल्या शहराचं धोरण कसं तपासायचं

आमच्या गल्लीत पाणी यायचा दिवस असला की रात्रीची झोप अशी नसतेच. तीन दिवसाआड, कधी चार, कधी पाच, आणि नेमकं किती वाजता ते अगदी परवापर्यंत कुणालाच माहीत नसायचं, त्यामुळं नळाची तोटी उघडी ठेवायची, खाली रिकामी घागर ठेवायची आणि घागरीत धार पडल्याचा आवाज आला की उठायचं. उठतं कोण हे सोलापुरात कुणाला विचारायला नको. आता गंमत बघा, पाणीपुरवठ्याच्या कागदात पाइपलाइन किती जाडीची ते असतं, उजनी धरणातून किती एमएलडी, म्हणजे रोजचे किती दशलक्ष लिटर, उचललं ते असतं, गळती किती टक्के ते पण असतं, पण ह्या जागरणाचा रकाना कुठंच नसतो. फेमिनिस्ट धोरण म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी म्हणते, तो रकाना आखायला लावणं.

मी काय पॉलिसीबिलिसी शिकलेली नाही, बचत गटाचे हिशोब बघते. पण सूचना-हरकतींचे अर्ज लिहून, बजेटचे कागद चाळून आणि सभेत शेवटच्या खुर्चीवर बसून कुठला अर्ज पुढं सरकतो आणि कुठला फायलीत जाऊन झोपतो एवढं कळायला लागलंय. ते इथं लिहिते, ज्याला वापरायचं त्यानं वापरावं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. महिला धोरण म्हणजे महिलांच्या योजना असं आपण धरून चालतो. राज्याचं महिला धोरण महाराष्ट्रानं १९९४ लाच आणलं, देशात पहिलं, आणि चौथं धोरण २०२४ ला आलं. महापालिकांमध्ये ५ टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. मग काय होतं, त्या ५ टक्क्यांत शिलाई मशीन, ब्यूटी पार्लरचा कोर्स, हळदीकुंकवासारखा एखादा मेळावा. मशीनला माझा विरोध नाही, आमच्या गटातल्या दोघींचं घर मशीनवर चालतं. पण उरलेल्या ९५ टक्क्यांचं काय हो? रस्ते, पाणी, दिवे, बस, दवाखाना, मार्केट, हे सगळं त्या ९५ मध्ये आहे आणि तिथं बाई कुणाच्या डोक्यातच नसते. म्हणजे सुनेला चूल वेगळी मांडून दिली आणि कोठाराची चावी सासूनं कमरेलाच ठेवली, तसलं झालं. म्हणून आपलं पहिलं काम ५ टक्के वाढवून मागणं नाही, ९५ मध्ये हात घालणं आहे.

हात घालताना विषय छोटा घ्या. ‘महिला सुरक्षा’ हा विषय नाही, ते भाषण आहे. ‘अमुक चौकापासून अमुक कारखान्यापर्यंतच्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर दिवे’ हा विषय. ‘पाणी सोडायची वेळ’ हा विषय. भाजी मंडईतलं बायकांचं स्वच्छतागृह, हा पण विषय. एका वेळी एकच.

विषय ठरला की घड्याळ. हे काम लोक टाळतात कारण वेळ लागतो, पण माझ्या मते सगळा जीव ह्यातच आहे. एक वहीचा कागद घ्या, पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत तासाच्या २४ ओळी आखा आणि तुमच्या विषयाशी संबंध येणाऱ्या चार-पाच बायांकडं बसून त्यांचा कालचा दिवस लिहून घ्या. जमलं तर त्याच घरातल्या एका पुरुषाचा पण. ‘दिवसभर काय करता’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं, ‘काय नाही की, घरीच अस्ते.’ त्यापेक्षा ‘काल उठल्यावर पहिलं काय केलं, मग काय केलं’ असं पुढं पुढं नेत जा.

मी पहिल्यांदा हे केलं ते अशोक चौकाकडच्या एका बिडी वळणाऱ्या आक्कांकडं. रात्री पानं भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कातरायची, मग वळायचं, मग कारखान्यात नेऊन द्यायचं, तिथं चेकर खराब म्हणून काढेल त्या बिड्या गेल्या, आणि परत पान-तंबाखू घेऊन घरी. मी भराभरा लिहीत होते, ११ ते १ बिडी, १ ते २ स्वयंपाक वगैरे, आणि मान वर करून बघितलं तर आक्कांच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधलेली, दोरीचं दुसरं टोक झोळीला, झोळीत नातू. हात बिडी वळतोय, पाय झोका देतोय, तोंडानं मला उत्तरं चाललीत, आणि सुपातली तंबाखू संपत आली की गॅसवरच्या डाळीकडं एक नजर. माझ्या कागदावर ११ ते १ च्या ओळीत एकच काम होतं. त्या दिवसापासून मी दोन रकाने करते, ‘हातातलं काम’ आणि ‘त्याच वेळी चाललेलं दुसरं काम’. तुम्ही पण करा, कारण दुसऱ्या रकान्यातलं काम कुठल्याच सर्व्हेत नीट सापडत नाही.

आकडे पाहिजेत तर केंद्र सरकारचं वेळ वापर सर्वेक्षण आहे, २०१९ चं आणि २०२४ चं. २०२४ च्यात बायका घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. आणि बरं का, ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी आहे, जे तांब्या पण उचलत नाहीत ते ह्या हिशोबात धरलेलेच नाहीत. अर्जात हा आकडा एका ओळीत टाका, पण त्याच्या खाली तुमच्या गल्लीतली चार घड्याळं जोडा. देशाचा आकडा बघून साहेब नुसती मान हलवतात, पण ‘आपल्याच प्रभागातल्या चार घरांत मंगळवारी रात्री पावणेदोनला बाया उठल्या’ असं लिहिलेलं असलं की कागद हातातून खाली ठेवता येत नाही.

घड्याळं गोळा झाली की पुढचा प्रश्न, कुठली बाई? ‘महिलांना’ असा शब्द धोरणात आला की मी लगेच पेन काढते. सोलापुरात तर हे फारच नजरेत भरतं, कारण पूर्व भागात घरोघर तेलुगू, अक्कलकोट रोडकडं कन्नड, कुठं दखनी उर्दू, आणि नोटीस निघते मराठीत, ती पण ‘तद्नुषंगाने’ वाली, जी मराठी माणसाला सुद्धा दोनदा वाचावी लागते. मग ‘नोटीस काढली होती, महिलांचा प्रतिसाद मिळाला नाही’ अशी नोंद होते. प्रतिसाद कसा मिळणार? त्यामुळं अर्जात लिहूनच टाका की माहिती तेलुगू, कन्नड, उर्दूमध्ये पण द्या, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी रिक्षावरून पुकारा. तसंच धुणीभांडी करणारी, विधवा, दिव्यांग, पालातली, नवऱ्यानं टाकलेली, तृतीयपंथी, ह्यातल्या कुणाला ही योजना पोचत नाही ते एकेक करून विचारा. बऱ्याचदा एका कागदावर गाडी अडते, रेशन कार्ड सासरच्या नावावर आणि बाई माहेरी, झालं.

तिसरी गोष्ट, पैसा कुणाच्या खिशातून जाणार ते बघा. हे जरा तपशिलात सांगते कारण इथं चांगल्या हेतूचे कायदे पण उलटे फिरलेत. फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये नियम होता, कारखान्यात ३० पेक्षा जास्त बायका कामाला असल्या की पाळणाघर ठेवायचं. हेतू उत्तम. पण मोजणी बायकांची, म्हणजे पाळणाघर नको असेल तर मालकानं बायका ३० च्या आत ठेवल्या की विषय संपला. २०१७ ला मातृत्व लाभ कायदा बदलला तेव्हा पाळणाघरासाठी ५० कर्मचारी अशी अट आली, बाई असो की बाप्या, आणि हा फरक लाखमोलाचा आहे. कारण मूल काय एकट्या बाईचं नसतं, आणि बाई कामावर घेतली म्हणून मालकाचा खर्च वाढला असं होऊ नये. पण त्याच दुरुस्तीत पगारी रजा २६ आठवडे केली आणि तो पगार सगळा मालकाच्या माथी, मग छोट्या ऑफिसात ‘नुकतंच लग्न झालंय का’ असं इंटरव्ह्यूत विचारायला लागले. ह्यावर मुंबई कायदेमंडळात १९२८ लाच बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या रजेच्या बिलाची बाजू घेताना म्हटलेलं होतं की ह्या खर्चाचा भार मुख्यतः सरकारनं उचलायला पाहिजे कारण त्यात देशाचंच हित आहे. आज पण कुठलं धोरण आलं की हेच विचारायचं, मोजणी कुणाची, खर्च कुणाचा, आणि त्यातून पळवाट काढली तर मार कुणाला बसेल. घरी बसून बिडी वळणाऱ्या आक्का तर कुठल्या कारखान्याच्या हजेरीत नसतात, त्यामुळं त्यांना ३० वाला पण लागू नाही आणि ५० वाला पण नाही, त्यांचं पाळणाघर म्हणजे तो अंगठा.

मग गरज कसली भागतेय ते ओळखा. काही योजना आजचा त्रास कमी करतात, काही घरातलं वजन बदलतात, दोन्ही लागतात पण एकीला दुसरी समजू नका. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं बायका खरंच फिरायला लागल्या, माहेरी जायला नवऱ्याकडं पैसे मागायला लागत नाहीत. पण ती सवलत एसटीची, कामावर जायला लागते शहरातली बस, आणि ती वेळेवर नसेल तर एसटीचं अर्धं तिकीट काय कामाचं? ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे दीड हजार स्वतःच्या खात्यात येतात ह्याची चेष्टा करणाऱ्यांशी मी भांडते, कारण ज्यांनी हयातभर स्वतःच्या नावानं पैसा बघितला नाही त्यांना ते काय असतं ते माहीत आहे. फक्त त्या दीड हजारानं घड्याळातली एक ओळ पण हलत नाही, हे पण तेवढंच खरं.

वजन बदलणारी गोष्ट म्हणजे नाव. घरावर, सातबाऱ्यावर, कागदावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती चालवली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला, तो काय सरकारी जीआर नव्हता. १९९४ ला महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, देशात तो २००५ ला आला. सोलापूरजवळच्या कुंभारीत बिडी कामगार बायांसाठी १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, तसल्या कुठल्याही घरकुल योजनेत पहिला प्रश्न नाव कुणाचं आणि दुसरा लगेच, तिथून कामाला जायची बस किती वाजता आणि परतीची शेवटची कधी. घर मिळालं आणि रोज दोन तास रस्त्यात गेले तर ते घड्याळात कुठंतरी निघणारच.

स्वीडननं २०१४ ला फेमिनिस्ट परराष्ट्र धोरण आणलं तेव्हा तीन गोष्टी धरल्या होत्या, हक्क, प्रतिनिधित्व आणि पैसा. २०२२ ला सरकार बदललं आणि त्यांनी ते नाव काढून टाकलं, ते जाऊ दे, पण तपासायला ही त्रिसूत्री सोपी पडते, मी मंडईतल्या स्वच्छतागृहाला लावून बघते. हक्क: पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, असं का? मुंबईत ‘राइट टू पी’ वाल्यांनी २०११ पासून हेच तर लावून धरलं. प्रतिनिधित्व: जागा ठरवताना भाजी विकणाऱ्या बाईला विचारलं का, का देशी दारूच्या दुकानाशेजारी जागा मोकळी होती म्हणून तिथं बांधलं? पैसा: बांधायला पैसे आहेत, पण पाणी, दिवा, झाडणारी बाई, पॅडसाठी झाकणाचा डबा, ह्याला दर वर्षी पैसे कुठल्या खात्यातून? आणि आतून कडी लागते का. हसू नका, नव्या कोऱ्या फरशीच्या स्वच्छतागृहात कडी नाही म्हणून मैत्रिणीला बाहेर उभं करून जाणाऱ्या बाया मी स्वतः बघितल्यात.

आता बजेट. आयुक्त प्रारूप मांडतात, ते स्थायी समितीकडं जातं, मग सर्वसाधारण सभेत, मार्च संपायच्या आत मंजूर व्हायला पाहिजे. मंजूर झाल्यावर बोंबलून उपयोग नाही, त्यामुळं अर्ज डिसेंबर-जानेवारीतच द्या. कागद हातात आला की पहिल्या पानावरचं मोठ्ठं भाषण सोडून द्या. तुमच्या विषयाचं खातं शोधा आणि मागच्या वर्षीची तरतूद किती, सुधारित किती, प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन आकडे ओळीनं लिहा. तरतूद २० लाख आणि खर्च ३ लाख असं दिसलं की तुमचा मुद्दा आयता तयार. भांडवली खर्च म्हणजे बांधकाम, त्याची फीत कापता येते. महसुली म्हणजे पगार, दुरुस्ती, वीज, त्याची फीत नसते, त्यामुळं तो कापला जातो, आणि बायांचं काम अडतं ते नेमकं तिथं. अंगणवाडीची इमारत चकाचक आणि मदतनीसची जागा रिकामी, हा त्यातलाच प्रकार. केंद्राच्या बजेटमध्ये २००५-०६ पासून जेंडर बजेटचं, म्हणजे बायकांसाठी किती पैसा ठेवला त्याचं, वेगळं विवरण निघतं, वाचायला चांगलं आहे, पण एखादी योजना ‘१०० टक्के महिलांसाठी’ असं लिहिलंय म्हणून बाईला १०० टक्के मिळतं असं समजू नका.

खर्चाचा आकडा मिळाला नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ह्या १५० शब्दांनी माझी पहिल्यांदा चांगलीच जिरवली. एका कार्यालयात मी तीन पानी अर्ज नेला होता, अगदी सावित्रीबाईंपासून सुरुवात करून, टेबलावरच्या बाईंनी न वाचता परत दिला. तेव्हा राग आला, आता वाटतं बरं झालं. विचारायचं एवढंच: ‘अमुक प्रभागातील महिला स्वच्छतागृहांच्या देखभालीसाठी मागील तीन आर्थिक वर्षांतील तरतूद व प्रत्यक्ष खर्च, वर्षनिहाय. कामाच्या बिलांच्या छायांकित प्रती.’ का, कसं, कशामुळं हे प्रश्न माहिती अधिकारात टाकू नका, त्याला ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं छापील उत्तर ठेवलेलंच असतं.

सभेचं पण घड्याळ असतं. दुपारी चारची सभा म्हणजे शाळा सुटायची वेळ, संध्याकाळी सात म्हणजे भाकऱ्या. बिडीवाल्या बायांना विचारलं तर माल देऊन आल्यावरची दुपार बरी पडते म्हणाल्या, तुमच्याकडं विचारून ठरवा. बसायला सतरंजी गोल टाका, पोरांना सांभाळायला एकजण ठेवा, आणि पहिला अर्धा तास पुरुषांना बाहेर चहा प्यायला पाठवा, मी सिरीयसली सांगतेय. गावाकडं ग्रामसभेच्या आधी वेगळी महिला सभा घ्यायची कायद्यातच सोय आहे, ठराव तिथं लिहून घेतला की मोठ्या सभेत तो वाचावा लागतो. आपल्याकडं २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी अजून ‘मॅडमना काय, मला सांगा’ म्हणणारे मिस्टर भेटतात. तिथं एक युक्ती, बोलताना मॅडमकडंच बघायचं, अर्जावर मॅडमचंच नाव घालायचं आणि पोच मॅडमच्याच सहीची घ्यायची. दोन-तीन वेळा असं झालं की मिस्टर आपोआप चहा सांगायला उठतात. मारहाणीचा, छेडछाडीचा विषय मात्र भर सभेत कुणाकडून काढून घेऊ नका, नाव गेलं की घरी तिलाच भोगावं लागतं. तो एकट्यात बोलायचा, आणि लिहिताना गल्लीसुद्धा लिहायची नाही.

अर्ज कसा लिहायचा ते आमच्याच पाण्यावरून सांगते. पहिला अर्ज होता, ‘महिलांना पाण्यासाठी होणारा त्रास दूर करावा ही नम्र विनंती.’ त्याचं काहीच झालं नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतंच. दुसरा असा लिहिला: ‘आमच्या भागात पाणी रात्री ११ ते पहाटे ४ मध्ये केव्हाही सुटते. सोबत चार घरांच्या वेळेची नोंद जोडली आहे. चारही घरांत पाणी भरायला बाईच उठते व सकाळी सहाला तिचे काम सुरू होते. पाणी वाढवून मागत नाही. सोडण्याची वेळ आदल्या संध्याकाळी कळवावी व शक्यतो पहाटे ५ नंतर सोडावे.’ खाली सह्या, अंगठे, तेलुगूतल्या सह्या पण. ‘पाणी वाढवून मागत नाही’ ही ओळ आमच्या गटातल्या एका काकूंची, आणि माझ्या मते सगळा अर्ज त्या ओळीवर चालला, कारण फुकटात होण्यासारखं काम नाही म्हणायला कुणालाच कारण सापडत नाही.

काम झालं म्हणून सोडू नका, सहा महिन्यांनी त्याच बायांचं घड्याळ परत घ्या. आमच्याकडं वेळेचा मेसेज आता आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो, मी खुशीत आक्कांकडं वही घेऊन गेले. तर रात्री पावणेदोनच्या ओळीत परत ‘पाणी’. म्हटलं मेसेज येतोय की! तर मोबाईल मुलाचा, मुलगा लूमवर नाईटला, मेसेज त्याच्या खिशात. आक्का दोरी हलवत म्हणाल्या, ‘मोबाईल कशाला करायलाव गं, आमच्या लहानपणी मिलचा भोंगा व्हायचा, अख्खं सोलापूर उठायचं, तसा पाण्याचा एक भोंगा लावायला सांग की.’

तर ह्या डिसेंबरचा अर्ज भोंग्याचा आहे, सह्या चालू आहेत.